पंच्याऐंशी

सकाळी सव्वासातला बटण दाबलं.
पंखा फिरला. हिरवा दिवा लुकलुकला,
हार्ड डिस्कनं नेहमीसारखा घसा खाकरला,
आणि पडद्यावर एवढीच एक निळी चौकट:
आउट ऑफ रेंज.
म्हणजे आवाक्याबाहेर. कुणाच्या, ते लिहिलेलं नाही.

बाहेर सावळज रस्त्याला टेम्पो उभा,
फाळक्याला टेकून बिरुदेव हमाल:
“बाई, चाळीस बॉक्सची पावती द्या की.
तासगावात सौदा नऊला हाय.”
आत कोल्ड स्टोरेजच्या अंधारात
बेदाणा झोपलेला, हिरवा, पिवळा, काळा,
आणि कुठल्या खोलीत कुणाचा किती
ते या एकट्या मशीनला ठाऊक.
जागं आहे, पण तोंड दाखवत नाही.

केबल काढली, फुंकर मारली, पुन्हा खोचली.
मिस्त्री असो की वैदू, पहिला उपाय फुंकरच.
मॉनिटर नवा, चपटा, काल संध्याकाळी आलेला,
कडेचं प्लॅस्टिकसुद्धा सोललेलं नाही.
कोठावळे मॅनेजर म्हणाले, “हे लिनक्स-बिनक्स काढा,
विंडोज टाकून घ्या सरळ.”
मी म्हटलं, थांबा.
म्हणताना मला काहीच माहीत नव्हतं.

इलाही मुजावरांना फोन लावला.
माझ्याआधी नऊ वर्षं या खुर्चीत ते;
खुर्ची अजून त्यांच्याच बाजूला कलते.
उचलला नाही.
मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ थ्री, तिन्ही एकदम,
तापल्या पातेल्याला हात घालावा तसे दाबले.

काळ्यावर पांढरी अक्षरं आली.
चित्र नाही, नुसते शब्द.
नाव विचारलं, सांगितलं.
पासवर्ड टाइप करताना इथं ठिपकेही उमटत नाहीत,
बोटं म्हणतील ते खरं धरायचं.

लॉगमध्ये ओळींवर ओळी,
छाटणीनंतर बांधावर पडलेल्या काड्यांसारख्या.
तिसऱ्यांदा चाळताना एका फायलीचं नाव सापडलं.
उघडली, तर मशीनच्या भाषेच्या मधोमध
हॅशच्या आडोशाला माणसाची भाषा:

# डब्बा मॉनिटर, १५ इंची. साठवर लई थरथरतो.
# पंच्याऐंशीवर ठेवलाय. डोळं दुखायचं थांबलं.
# काढू नका. रात्र गेलीय हितं. इलाही

तो डबा मागच्या दिवाळीत भंगारात गेला, किलोवर.
मधले महिने उसना मॉनिटर होता, त्यानं कसंबसं निभावलं.
आणि मशीन अजूनही
नसलेल्या काचेसाठी, गेलेल्या डोळ्यांसाठी
सेकंदाला पंच्याऐंशी वेळा चित्र काढतंय,
आणि नव्याला पंचाहत्तरच्या पुढचे आकडेच येत नाहीत.

बिघाड म्हणावा असं काही नव्हतंच.

पुसणार होते. मग पुसलं नाही.
प्रत्येक ओळीपुढं एक हॅश दिला,
त्यांच्या ओळी होत्या तशाच, माझ्या शेजारी शेजारी.
खाली लिहिलं: # मॉनिटर बदलला. वैजयंता.
मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं.
पंखा, दिवा, खाकरणं.
आणि मग अचानक उजेड, एवढा रुंद
की सगळे आयकॉन सवयीनं डावीकडे दाटलेले,
उजवीकडे वावरभर मोकळी जागा.

फोन वाजला. इलाहीभाई.
मागं झेरॉक्सचा घरघराट, कवठेमहांकाळचा स्टँड असावा.
“बाई, मिस्ड कॉल दिसला. काय बंद पडलंय?”
“काही नाही. झालं.”
थोडं थांबून म्हणाले, “पंच्याऐंशीवरच हाय न्हवं?”
मी पडद्याकडे बघितलं.
“तुम्ही लिहिलेलं आहे तिथंच आहे,” म्हटलं.
“मग बरं,” म्हणाले. “आता मला तर
पावतीवरचं बारीक काय दिसत न्हाई.”

प्रिंटरनं दोनदा कागद ओढून परत सोडला,
तिसऱ्यांदा पावती दिली.
बिरुदेवनं ती उजेडाकडे धरली,
उलटी आहे हे कळल्यावर सुलटी केली,
आणि म्हणाला, “एवढ्यासाठी दीड तास?”