पायदान

लालगंजात माझी मशीन रस्त्याकडे तोंड करून असते.
तिथंच, कूलरच्या गळत्या पाण्यापाशी,
परात्यांच्या पोरानं खोकं आणून ठेवलं
आणि काही न बोलता पळाला.

जनावरांच्या डॉक्टरनं मागच्या पायाला चिमटा घेतला.
पिल्लू जांभई देत राहिलं,
दुखणं दुसऱ्या कुणाच्या घरचं असल्यासारखं.
"कमरेखाली काही नाही, ताई. बघा, जमेल का."
जमेल का, हे मला आजवर
कमी पडलेल्या ब्लाउजपीसाबद्दलच विचारलंय लोकांनी.

निमजेबाई म्हणे, काऊन घेतलं वं हे लचांड?
चांगल्या धडधाकट फिरतात ना गल्लीत!
मी सुईत दोरा ओवत राहिले.

आता दिवसातून चारदा पोट दाबून मुतवते तिला.
साटिनच्या चिंध्यांची पिशवी शिवली मागच्या अंगाला,
कातडी सोलू नये म्हणून.
तीन वेळा उसवली. माप दर आठवड्याला बदलतं.
सरसर ओढत येते, मीटरपट्टीच्या टोकाशी भांडते.
नाव ठेवलेलं नाही. ये म्हटलं की येते.

परवा दुपारी लाइन गेली.
फरशी तापलेली; ती जाऊन निजली
मशीनच्या लोखंडी पायदानावर.
मला दिसलं नाही. मी पाय ठेवला.
चाक फिरलं,
आणि तिचे ते दोन पाय
वर, खाली, वर,
कुठंतरी निघाल्यासारखे.

तिनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.
मीही.

दारात बाई उभी होती, फॉल लावायची साडी घेऊन.
उद्या या, म्हटलं.