एक टक्का, दोन टक्के

झोंगुलडाकच्या दवाखान्यात, चौथ्या मजल्यावर,
सातिल्मिश विचारतो, बूट काढू का?
राहू द्या, म्हणते मी,
आज उतरायचंय आम्हाला, तुमच्यात.

ट्रेमध्ये दोन बाटल्या. ए आणि बी.
एकीत लिडोकेन एक टक्का, एकीत दोन,
कुठलं कुठे, ते डॉक्टर नेरिमानलाही ठाऊक नाही.
कमी पडलं तर माणूस कोरड्यातच बुडतो,
जास्त झालं तर ओठांना मुंग्या येतात,
मग काळीज ठेका चुकतं.
माझ्याकडे फक्त पेन्सिल. ठसके मोजायचे.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
"कोळशाचे डबे आम्ही असेच मोजायचो," तो म्हणतो.

बाटली बी. पहिला फवारा.
तोंड वाकडं.
किती कडू? (कागदावर हा प्रश्न नाही.)
"मागणी घालायला गेलो होतो तेव्हा
पोरीनं मीठ घालून कॉफी दिली होती.
त्याहून बरं."

आता गिळून बघा.
तो गिळतो, आणि विचारतो, गिळलं का मी?
शेजारच्या घराची कडी वाजावी
तसा स्वतःचाच घसा ऐकत.

दुर्बीण स्वरतंतूंपाशी थांबते.
दोन पांढऱ्या कडा, मधे फट.
एक ठसका. दोन. तिसरा टेबल हलवतो.
मग आतले बोगदे, डावा, उजवा, पुन्हा डावा,
ओल्या गुलाबी भिंती आणि त्यांत
एकतीस वर्षांचा कोळसा, ठिपक्याठिपक्यानं.
बघू नका म्हटलं तरी तो पडद्याकडे बघतो.

सहन नाही झालं तर हात वर करा, सांगितलं होतं.
हात वर होत नाही.
बोट दांडीवर वाजतं. दोनदा.
थांबून, दोनदा.

माझा बाप त्याच खाणीत होता.
मी ओरडते, थांबा, वर ओढा म्हणताहेत.
नेरिमान थांबते. आणखी दोन मिलीलिटर.
श्वास खाली बसतो.
ठसके सतरा.
ठोक्यांसाठी रकाना नव्हता, मी समासात लिहिले.

दोन तास पाणी नाही, चहा नाही,
झोपलेला घसा वाट चुकवतो.
तो ऐकतो, तरी ग्लास मागून घेतो
आणि हातात धरून बसतो, निवेपर्यंत.

पाकिटं वसंतात उघडतील.
चारच्या सुमाराला तो आपणहून खोकतो.
मी नवा चहा आणते. साखरेच्या वड्या किती?
दोन, तो म्हणतो.
एकानं काही होत नाही.