जाय आणि ना

आधी मी मेणबत्त्या विकून पाहिल्या,
सुरंगीच्या वासाच्या, करवंटीत ओतलेल्या.
नाव ठरवायला पंधरा दिवस, लोगोला बावीस.
मैत्रिणींनी फोनवर भराभर बदाम पाठवले.
विकत एकीनेच घेतली, तीही मावसबहीण.
मग काजूची पाकिटं. काजू काय, सगळेच विकतात,
फोंड्याच्या बसस्टँडवर चार पावलांत तीन दुकानं.
मग एक ॲप,
ते नेमकं कशासाठी होतं
हे मला आता नीट सांगता येत नाही.

बाबा तेव्हा तिस्कावर, जिन्याखालच्या खोपटात
मिक्सर उघडून बसलेले. चौतीस वर्षं.
बोटांना ग्रीस, कान मात्र पेटीवाल्याचा.
बटण दाबलं की सांगायचे:
कपलर गेला. ब्रश झिजले.
याला काही झालेलं नाही,
घरी सांगा, खोबरं बारीक कापा.

गल्ल्याखाली एक लांबट वही असायची.
मला वाटायचं, उधारीची.
डावीकडे लिहिलेलं 'जाय', म्हणजे हवं:
जुना कपलर, सहा दात्यांचा. मडकई, फिलोमेना.
लहान भांड्याचं रबर. बोरीची शिक्षिका.
पुन्हा कपलर. फिलोमेना.
आणि उजवीकडे, प्रत्येकापुढे, एकच अक्षर:
ना.
कंपनीने बनवणं बंद केलं, ना.
नवा मिक्सर घ्या म्हणतात, ना.
पानामागून पान.

कशाला लिहिता हे, मी विचारलं.
"माणूस उन्हातून चढ चढून येतो,
रिकाम्या हाताने उतरतो.
निदान नाव तरी राहू दे."

त्या रात्री मी वही मोजत बसले.
फिलोमेना सात वेळा येऊन गेली होती.
सात वेळा!
मेणबत्तीसाठी कुणी एकदाही दार वाजवलं नव्हतं.

कुंडईच्या कारखान्यात साचा करून घेतला,
कमीत कमी पाचशे नग, नाहीतर यंत्र लावणार नाही म्हणाला.
यावेळी लोगो नाही.
कपलरशेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढला,
म्हणजे माप कळेल.
पहिली ऑर्डर जालन्याची. पाचवी थेट स्विंडनची,
बाणावलीची बाई, लग्नातला मिक्सर
विमानातून मांडीवर घेऊन गेलेली.

बाबांना एकच कोडं:
"आवाज न ऐकता विकतेस कशी?"

म्हणून पानावर दुसरं बटण आलं, 'आवाज पाठवा'.
आता दुपारी जेवण झालं की बाबा फोन कानाला लावतात.
कुणाच्या तरी स्वयंपाकघरात मिक्सर घरघरतो,
मागे कुकरची शिट्टी, पोर रडतंय,
कुणीतरी म्हणतंय, अगं बंद कर ते.
बाबा डोळे मिटून.

सांगलीच्या बाईंनी दोन कपलर मागवले, पैसेही भरले.
बाबांनी मान हलवली. "देऊ नको. बेअरिंग गेलंय.
तिथेच कुणीही दीडशेत करून देईल."
मी पैसे परत केले, खरं सांगते, चरफडत.
पुढच्या महिन्यात एकट्या सांगलीहून एकोणीस ऑर्डरी,
प्रत्येकीत लिहिलेलं: त्या काकांना आधी आवाज ऐकवा.

परवा फर्मागुडीला कॉलेजातल्या मुलांनी विचारलं,
आयडिया सुचली कशी?
मला कुठे सुचली.
ती चौतीस वर्षं चढ चढून येत होती
आणि ना ऐकून परत जात होती.

फिलोमेनाचा कपलर मी स्वतः नेऊन दिला.
तिने बसवला, मूठभर खोबरं फिरवलं,
बोटाने चाखलं, मान डोलावली.
मग पदर नाही म्हणून गाऊनलाच हात पुसत म्हणाली,
"आनी धांपणें? धवें जाय, निळें नाका."

पांढरं झाकण. ते कुणीच करत नाही आता.
मी पिशवीतून वही काढली.