नाना डावा डोळा मिटतात

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, दुसरा मजला.
हॉलच्या भिंतीवर दोन चौकोन, मधे वीतभर जागा.
शेडकार्डावर त्यांची नावं लांबलचक, इंग्रजी,
महागड्या हॉटेलातल्या गोड पदार्थांसारखी.
अश्फाक पेंटर त्यांना एक नंबर, दोन नंबर म्हणतो.
आई असती तर म्हणाली असती :
हे ताक, आणि ते तांदळाचं धुवण.

मला विचाराल तर दोन्ही पांढरेच.
पण मला कोण विचारतंय.
एकोणतीस वर्षं नानांनी बेलापूर रोडवरच्या
रंगाच्या कंपनीत हेच तर केलं :
उत्तरेच्या खिडकीशी उभं राहून
नमुन्याशेजारी कापडाचा तुकडा धरायचा
आणि म्हणायचं, ‘लाल चिमूटभर जास्त झालाय.’
चिमूटभर! दोनशे किलोच्या घाण्यात!
मॅनेजर चिडायचा. घाणा परत जायचा.
नाना बरोबर निघायचे.

गेल्या मंगळवारी वाशीला
उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला.
डाव्याचा नंबर दिवाळीनंतर.
सध्या आमच्या घरात दोन नाना राहतात.

काळा चष्मा कपाळावर सरकवून
नाना डावा डोळा मिटतात.
‘एक नंबरात निळसर झाक आहे.’
मग उजवा मिटतात.
‘छे. ताकच.’
पुन्हा डावा.
‘निळसर.’
अश्फाक उपड्या बादलीवर बसून चहा फुंकतो.
‘वाळला की एक शेड उतरेल, काका,’ तो म्हणतो,
जणू ताप उतरेल म्हणावं तसं.

कपाट सरकवलंय, त्यामागे
दोन हजार चारचा पिस्ता रंग निघालाय.
नाना तिथे जातात. एका डोळ्याने बघतात, दुसऱ्याने बघतात.
‘हा असा होता?’
मी हो म्हणते. खरं तर मला आठवत नाही.

मग बराच वेळ ते काही बोलत नाहीत.
खाली भंगारवाल्याची हाक सोसायटीला वळसा घालून जाते.
‘डॉक्टर म्हणाले, दहा-बारा वर्षं तरी साचत असणार हे.’
बोटांवर उलटे मोजतात :
निवृत्ती. त्याआधीचा पावसाळा.
त्याआधी आकाशी रंगाची ती मोठी ऑर्डर.
‘पाचपुते नावाचा पोरगा होता. नवीनच लागलेला.
म्हणाला, साहेब, निळा कमी पडतोय.’
‘मग?’
‘म्हणालो, डोळे तपासून घे.
सगळ्यांसमोर.’

मला माझ्या साखरपुड्याची मोतिया साडी आठवते,
पिवळट आहे म्हणून त्यांनी दुकानात परत करायला लावलेली.
मी ते बोलत नाही.
चहाचे कप उचलते.

चारला ऊन समोरच्या इमारतीवर आपटून आत येतं
आणि दोन्ही चौकोन काही मिनिटं एकच होतात.
अश्फाक विचारतो, ‘मग कोणता फायनल?’
‘आज छत मार.’
‘छत तर पांढरंच असतं, काका.’
‘म्हणूनच.’

तो बाथरूममध्ये ब्रश धुतो.
बादलीतलं पाणी पांढुरकं होतं,
एक नंबरचं की दोन नंबरचं, देव जाणे.
आत नाना जुनी डायरी
नव्या डोळ्याजवळ धरून
एकेक आकडा मोठ्याने वाचत फोन लावतायत.
तीन वेळा चुकतो. चौथ्यांदा लागतो.
‘पाचपुते? मी बोलतोय, लॅबमधला... हो, हो, तोच.
रविवारी काय करतोयस?
नाही, तब्येत बरी आहे.
एक भिंत बघायची होती.’