सहा पॉइंट

द्वारकेच्या अलीकडे, टायरवाल्याच्या डोक्यावर माझं दुकान.
फ्लेक्स, लग्नपत्रिका, दशक्रियेची निवेदनं
आणि महिन्याला दोन-तीन जाहिराती
पुंजाभाऊ कोशिरे यांच्या.

मखमलाबाद शिवार, पाटाच्या कडेला,
एन.ए. प्लॉट, मागे रामशेज, पुढे डांबरी रस्ता:
हे बहात्तर पॉइंटात, लाल, पिवळी कड.
मग त्यांचा फोटो, गॉगल कपाळावर.
मग नोंदणी क्रमांक, तो आता सगळेच टाकतात.
मग ते खुर्ची पुढे ओढतात, आवाज खाली आणतात.
"वकील म्हणतात, एक ओळ राहिली."

जाहिरातदार हा नोंदणीकृत एजंट असून
सदर मिळकतीत त्याची स्वतःची मालकी आहे.

मी चोवीसवर ठेवली.
"एवढी कशाला? लग्न आहे का माझं?"
अठरा. "अजून." बारा.
खाली कोणी ट्रकचं चाक ठोकत होतं.
आठ.
सहाला 'मालकी'ची वेलांटी
डासाच्या पायाएवढी होते.
"बस. आहे ना? आहे म्हणजे झालं.
खोटं तर नाही ना बोललो?"

नाही. खोटं नाही.
चहा त्यांनी बशीत ओतला.

ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले परदेशी
त्या फ्लेक्सपुढे स्कूटर थांबवून उभे होते.
चष्मा पुसला, परत लावला.
खालच्या कडेला दोरी होती,
दोरीसाठी भोक, भोकाला पितळी कडी,
ती बरोब्बर 'स्वतःची' या शब्दात.

भोक मी पाडलं.
दर दोन फुटांवर पाडतो, तिथे ते येणारच होतं,
असं मी घरी सांगितलं.
बायको मेथी निवडत होती. म्हणाली,
"चार बोटं सरकवता आलं नसतं?"

आता इथवर वाचलंतच, तर माझंही एक राहिलं:
कोशिऱ्यांनी मागचं बिल रोख दिलं नाही.
त्या प्लॉटात अर्धा गुंठा लिहून दिलाय,
साध्या कागदावर. कपाटात आहे, पत्रिकांच्या नमुन्यांखाली.

काल परदेशींचा फोन आला.
फ्लेक्सच्या कोपऱ्यात छापणाऱ्याचा नंबर असतो,
त्या ओळीपेक्षा मोठा.
"तुम्ही त्रयस्थ, म्हणून विचारतो,
जागा कशी आहे हो?"

चांगली आहे, म्हणालो.
पुढचं वाक्य तोंडात आलं होतं.
मशीन चालू होतं, घरघर फार.
"काय म्हणालात?" त्यांनी विचारलं.
"काही ऐकू आलं नाही."