साबणानं हळद लाल होते

सांगलीच्या मार्केट यार्डात मी एकवीस वर्षं तोलार.
काटा थांबायच्या आधीच आकडा बोलायचा,
ही सवय कधी लागली आठवत नाही.
रविवारी मंडळीचा खजिनदार,
दानपेटीची किल्ली माझ्या जानव्यासारखी गळ्यात
(असं पाळकसाहेब हसून म्हणायचे).

त्या हंगामात बावीस किलोची तूट आली.
अडत्यानं विचारलं, कुणी?
घाईत बोललेला माझाच एक आकडा होता तो,
मला तिथंच उमगलं होतं.
मी म्हणालो, निवडायला बसतात त्या बायकांकडं बघा.
आणि नाव पण घेतलं. तान्हुबाई ऐवळे.

चारचौघांत तिचा पदर झाडायला लावला.
पाच-सहा हळकुंडं पडली,
पडतातच, निवडणाऱ्या कुठल्याही बाईच्या पदरातून.
तेवढी पुरली.

त्या रविवारी मी देवळात रडलो.
तिसऱ्या बाकावर, हुंदके देऊन.
खांद्यावर हात आले, एक, दोन, मग पाळकसाहेबांचा.
किती मऊ काळजाचा माणूस, म्हणाले.
घरी येऊन मटण जेवलो
आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपलो.

सोमवारी बाहीवरचा डाग मीच घासत होतो.
रूथ म्हणाली, अहो, साबण नका लावू,
साबणानं हळद लाल होते.
उन्हात टाका. उन्हातच जाते ती.
खरंच डाग कुंकवासारखा पेटला होता.
मोरीत उकिडवा बसून
मी बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिलो.
तीन दिवस सदरा दोरीवर होता,
येणाजाणाऱ्याला दिसेल असा.

चौथ्या दिवशी सायकल काढली.
हरिपूरचा रस्ता, दोन्ही बाजूंना चिंचा,
प्रत्येक चिंचेखाली उतरून परत फिरावंसं वाटलं.
तान्हुबाई दारात गहू पाखडत होती.
बसू नगा, म्हणाली. उभ्यानंच सांगा.
मी सांगितलं.
शेजारच्या दोघी आल्या.
आता मोठ्यानं सांगा.
मोठ्यानं सांगितलं.
पोरगं शाळंतनं येऊ द्या, त्येला सांगा.
तास-दीड तास उन्हात उभा राहिलो.
तोंडात उत्तरं होती:
अडत्या कसा आहे, वजनात ओल किती धरतात,
मलाही दोन मुली आहेत.
एकेक गिळत गेलो.
सौम्यपणा म्हणजे गोड बोलणं,
असं मी इतकी वर्षं समजत होतो.

पोरगं आलं. दप्तर न उतरवता ऐकलं.
वर्गात मला हळदचोर म्हणत्यात, एवढंच बोललं,
आणि आत गेलं.
माफ केलं, असं कुणी म्हणालं नाही.
पाणी मात्र तिनं दिलं, तांब्यातून, वरून ओंजळीत.

अडत्याला खरं सांगितलं. त्यानं मला काढलं,
तिलाही परत घेतलं नाही.
पंचांपुढं किल्ली ठेवली, तर एक जण पुटपुटला,
बाहेरची भानगड मंडळीत कशाला?
या वेळी खांद्यावर हात आला नाही कुणाचा.
रडूही आलं नाही.
नुसतं छातीत काहीतरी नांगरल्यासारखं,
दुखत होतं, पण आत हवा जात होती.

आता मी गणपती पेठेत एका धान्याच्या दुकानात असतो.
दाभणानं पोती शिवतो, गिऱ्हाईक आलं तर जोखून देतो.
प्रार्थनेत शब्द कमी झालेत.
प्रभू, म्हणतो, आणि थांबतो.
सदऱ्यावर डाग कुठं होता
ते रूथला दिसत नाही. मला दिसतं.

परवा तान्हुबाई आली.
ओळख दाखवली नाही, नाकारलीही नाही.
पिशवी पुढं केली. जोंधळं, पाच किलो.
मी पारड्यात ओतले.
काटा हलत होता.
ती काट्याकडं बघत होती, मी पण.
थांबलो.
थांबल्यासारखा वाटला, तरी
आणखी थोडा थांबलो.