एकशे बाराव्या पानावरचं 'गेले'

हस्तलिखित आमच्या छापखान्यात आलं
तेव्हा त्या अजून मगदूमबाई नव्हत्या.
उद्यमनगरात मोल्डिंगची माती चाळणाऱ्याची थोरली पोर,
कॉलेजात तासावर शिकवायची.
फाउंड्रीच्या जुन्या हिशेबवह्यांच्या पाठकोऱ्या कागदांवर कादंबरी.
उजेडात धरली की गोष्टीच्या आरपार
कुणाकुणाची बाकी दिसायची.

मी खिळे जुळवायचो.
अक्षरं उलटी वाचायचा हात,
त्यामुळं माणसं मला जरा उशिरा कळतात.

तिच्या लिखाणात ळ फार.
गूळ, मळी, कोळसा, काजळी, पोळलेली बोटं.
माझ्या केसमधला ळचा खण
पहिल्याच फॉर्मला रिकामा झाला.
सोळा पानं जुळवायची, छापायची, सोडवायची,
आणि तेच झिजके ळ
पुढच्या दुःखाला लावायचे.

त्यात मी शहाणपणा केला.
तिच्यातली बाई म्हणायची
'मी आलो', 'मी भाकरी थापतो',
जशी माझी आई बोलायची, बहीण बोलायची, अख्खी गल्ली.
पण छापायचं म्हणजे पुण्यासारखं,
एवढं आठवी पास माणसाला कळत होतं.
मात्रा ठेवायची, काना काढायचा.
आलोचं आले.
थापतोचं मात्र थापते.
सोपं असतं ते.

पहिलं प्रूफ बघून ती रागावली नाही.
तांबड्या शाईनं एकेक काना परत उभा केला
आणि म्हणाली,
'दस्तगीरमामा, तुमच्या घरात कोण असं बोलतंय?'

पुढं जपून जुळवलं मी.
तरी हाताची सवय.
सातव्या फॉर्मचं शेवटचं पान,
नवऱ्याच्या दारातनं बाहेर पडते ती:
'मी निघून गेले.'
तिला दिसलं नाही.
मला दिसलं खिळे सोडवताना,
बोटाला काना लागलाच नाही.
हजार प्रती छापून झालेल्या. मी गप्प.

मग दिल्लीचं बक्षीस आलं,
विद्यापीठात विभागप्रमुख झाल्या,
आणखी चार कादंबऱ्या, कॉम्प्युटरवर जुळवलेल्या.
आमचे खिळे किलोवर गेले, ळसकट.

परवा गडहिंग्लजच्या एका पोराला पीएच.डी. मिळाली.
चाळीस पानं म्हणे त्या एका 'गेले'वर:
उंबरा ओलांडताना नायिका
पहिल्यांदा स्वतःला बाई म्हणून उच्चारते.
बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बाईंनाच विचारलं,
हे हेतुपुरस्सर का?
बाई म्हणाल्या, लिहिणाऱ्याला सगळं कुठं ठाऊक असतं.

संध्याकाळी माझ्या दारात.
हातात पेढ्यांचा पुडा, काखेत ती पहिली आवृत्ती.
'मामा, तुमची चूक डॉक्टर झाली.'
इतकं हसलो दोघं,
की सुनेनं गॅस बारीक करून डोकावून बघितलं.

मग हसू थांबलं.
नवी आवृत्ती निघतीय म्हणाल्या.
एकशे बारावं पान उघडून माझ्यापुढं ठेवलं,
त्यावर तांबडं पेन.
'माझं ठरंना. तुम्हीच बघा.'

चहा पिऊन उठल्या,
गुडघ्यावर हात टेकून, माझ्यासारख्याच.
पायात चपला सरकवता सरकवता म्हणाल्या,
'बरं, येतो मी.'

आठ दिवस झाले.
पान उघडंच आहे, वर चष्म्याची डबी ठेवलीय वाऱ्यानं उलटू नये म्हणून.
पेनाचं टोपण
अजून काढलेलं नाही.